डीपीएफचा दिवा लागला म्हणून लगेच डीपीएफ बदलू नका

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या डिझेल गाड्यांची एक मोठी खेप आता वॉरंटीबाहेर गेली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम लागू झाले. त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत कर्ज काढून घेतलेल्या पिकअप, जीपा आणि टुरिस्ट गाड्या आज लाखभर किलोमीटर धावून झाल्या आहेत. त्यांच्या आधीच्या बीएस-४ गाड्या तर आणखी थकल्या. एक दिवस इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गाडी वंटमुरीच्या घाटात दम सोडते, गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात आणि कोड, म्हणजे बिघाडाचा क्रमांक, येतो धुराच्या यंत्रणेचा, उदाहरणार्थ डीपीएफ या काजळी अडवणाऱ्या गाळणीचा. मग नव्या पार्टची किंमत ऐकून मालक गप्प होतो. कुणीतरी शेजारून सुचवतं, "काढूनच टाक ना ते, कटकट नको."

घाईनं नवा पार्ट बसवणं आणि घाईनं काढून टाकणं, दोन्हीत मालकाचे पैसे बुडालेले मी आपल्या भागात पाहिले आहेत. कारण स्कॅनर ज्या पार्टचं नाव घेतो तो बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाचा तरी मार खात असतो. धुराची यंत्रणा म्हणजे सायलेन्सरला लावलेला सुटा डबा नव्हे. एअर फिल्टरपासून इंजेक्टर, टर्बो, थर्मोस्टॅटपर्यंत सगळ्यांचं बरं-वाईट शेवटी तिच्यात जमा होतं. हे नीट कळलं तर मिस्त्रीशी बोलणं सोपं जातं, म्हणून हा लेख.

डिझेल इंजिनातून मुख्यतः दोन वाईट गोष्टी बाहेर पडतात. एक काजळी, जी डोळ्यांना दिसते. दुसरी नायट्रोजनची ऑक्साइडं, ज्यांना नॉक्स म्हणतात. ती दिसत नाहीत, पण फुफ्फुसाला जाळतात. पंचाईत अशी की यातली एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. इंजिनाच्या आत जाळ जास्त तापला तर काजळी कमी होते आणि नॉक्स वाढतो. जाळ थंड ठेवला तर नॉक्स कमी होतो आणि काजळी वाढते. म्हणून कंपन्यांना एकापाठोपाठ एक अशी वेगवेगळी साधनं बसवावी लागली, आणि ती एकमेकांवर अवलंबून राहिली.

पहिलं साधन ईजीआर. सायलेन्सरकडे निघालेल्या धुराचा थोडा भाग एका व्हॉल्व्हमधून परत इंजिनात सोडायचा, म्हणजे आतला जाळ थोडा निवतो आणि नॉक्स कमी होतो. कल्पना चांगली, पण जुन्या गाडीत हीच जागा आधी बिघडते. परत येणाऱ्या धुरात काजळी असते, आणि इंजिनाच्या श्वासनळीतून तेलाची वाफ त्याच वाटेवर येते. चुलीमागच्या भिंतीवर धूर आणि फोडणीचं तेल मिळून जसा चिकट काळा थर बसतो, तसाच थर व्हॉल्व्हवर आणि पुढच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत, बसत जातो. टर्बो तेल सोडत असेल किंवा पिस्टन रिंग झिजल्या असतील तर हा थर दुप्पट वेगानं वाढतो.

व्हॉल्व्ह उघडा अडकला तर इंजिनाला ताजी हवा कमी मिळते: काळा धूर, मंद पिकअप, ॲव्हरेज घसरलेलं, आयडलला थरथर. बंद अडकला तर गाडी पळायला छान वाटते, पण नॉक्स वाढतो आणि दिवा लागतो. स्कॅनरवर पी ०४०१ आला तर ईजीआरमधून धूर पुरेसा जात नाही, पी ०४०२ आला तर जास्त जातोय, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. बऱ्याच बीएस-४ गाड्यांत ईजीआर आणि एक उत्प्रेरक (कॅटॅलिटिक) डबा एवढंच असतं, त्यामुळे त्यांचं निदानही इथेच संपतं. व्हॉल्व्ह खोलून क्लीनर आणि मऊ ब्रशनं साफ करायचा, नवं गॅस्केट घालायचं, आणि मॅनिफोल्डमध्येही डोकावून बघायचं. इलेक्ट्रिक व्हॉल्व्हचा दांडा स्क्रू ड्रायव्हरनं ढकलून बघू नये; आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात. साफ केल्यावर महिनाभरात पुन्हा तुंबला तर व्हॉल्व्हला दोष देणं थांबवा आणि तेल कुठून येतंय ते शोधा.

ईजीआरच्या कूलरकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. त्यातून इंजिनाचं कूलंट फिरतं. तो आतून फुटला तर बाहेर कुठेही गळती दिसत नाही आणि तरी कूलंट कमी होत राहतं, सकाळी पांढरा धूर येतो. लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून इंजिन खोलतात. आधी कूलर तपासा.

आता डीपीएफ. हा सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला सिरॅमिकचा बारीक गाळणीसारखा ठोकळा असतो. काजळी त्यात अडकते, धूर स्वच्छ होऊन बाहेर जातो. अडकलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते, त्याला रिजनरेशन म्हणतात. गाडी भरल्या वजनानं, चांगल्या गतीनं चालली तर थोडी काजळी आपोआप जळते. उरलेल्यासाठी गाडीचा कॉम्प्युटर जरा उशिरा जादा डिझेल मारतो, ते पुढच्या उत्प्रेरकात जळून डीपीएफचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतं. या कामाला साधारण पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं लागतं. मध्येच इंजिन बंद केलं की काम अर्धवट राहतं.

इथे आपल्या भागाचा भूगोल आडवा येतो. बेळगावहून हत्तरगी, संकेश्वर, निपाणी करत कोल्हापूरला जाणारी गाडी हायवेवर सलग पळते, तिला डीपीएफचा त्रास क्वचितच. पण खानापूर तालुक्यात पहाटे गावोगाव थांबत दूध गोळा करणारी पिकअप, शाळेची गाडी, मार्केट यार्ड ते शहापूर-वडगाव असा दिवसभर फेऱ्या मारणारा छोटा हत्ती, यांचं इंजिन पुरतं तापेपर्यंत पुढचा थांबा येतो. चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेणाऱ्या गाड्यांची गोष्ट अशी की भरलेली गाडी उतारावर असते, तिथे इंजिनाला कामच नसतं. चढ येतो तो परतीला, गाडी रिकामी असताना. चढाच्या शेवटी रिजनरेशन सुरू झालेलं असतं आणि नेमकं कणकुंबीला चहासाठी इंजिन बंद होतं. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी हायवेवर अर्धा तास साठ-सत्तरच्या गतीनं, एक गिअर खाली ठेवून चालवा. हे दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं आहे. डीपीएफचा दिवा नुसता लागलेला असेल, सोबत इंजिनचा दिवा नसेल आणि गाडी ताकदीत असेल, तर पहिला उपाय हाच.

तरीही दिवा जात नसेल तर रिजनरेशन होतच का नाही, हा प्रश्न विचारायचा. याची उत्तरं मला फार महत्त्वाची वाटतात, कारण त्यातली बहुतेक स्वस्तातली असतात. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन कधीच नीट तापत नाही, मीटरचा काटा अर्ध्याखाली रेंगाळतो, आणि कॉम्प्युटर रिजनरेशन सुरूच करत नाही. टाकीत डिझेल फार कमी असेल तरी बऱ्याच गाड्यांत ते अडतं. ईजीआरचा कोड आलेला असला तरी अडतं. म्हणजे आधी ईजीआर तुंबला, त्यामुळे काजळी वाढली, त्याच कोडमुळे रिजनरेशन बंद पडलं, शेवटी डीपीएफ भरला आणि दिवा लागला डीपीएफचा. नवा डीपीएफ घातला तरी तोही काही महिन्यांत भरणार.

दुसरी शक्यता, डीपीएफ भरलेलाच नसतो. त्याच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणारा एक सेन्सर असतो, त्याला दोन बारीक रबरी नळ्या असतात. उष्णतेनं या नळ्या तडकतात, निसटतात, कधी त्यात पाणी साचतं. मग सेन्सर खोटं सांगतो. तपासणी सोपी आहे: इंजिन बंद, इग्निशन चालू, स्कॅनरवर तो दाब बघायचा. तिथे शून्याच्या जवळचा आकडा हवा. इंजिन बंद असताना दाब दाखवत असेल तर दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा. खानापूर-जांबोटीच्या पावसात कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढतो, आणि गोठ्याशेजारी उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात. हे दोन्ही बघितल्याशिवाय सेन्सर मागवू नका.

तिसरी गोष्ट अशी की डीपीएफ चांगला असतो तेव्हा तो बाकीच्या आजारांवर पांघरूण घालतो. जुन्या गाडीत इंजेक्टर गळायला लागला, इंटरकूलरचा पाईप फाटला, एअर फिल्टर तुंबला की मागून काळा धूर दिसायचा आणि मालक गॅरेज गाठायचा. डीपीएफच्या गाडीत तो धूर गाळणीत अडकतो, बाहेर काहीच दिसत नाही. एकच खूण उरते: गाळणी लवकर भरते. म्हणून मिस्त्रीला स्कॅनरवर शेवटचं रिजनरेशन कधी झालं, दोन रिजनरेशनमध्ये किती अंतर गेलं ते बघायला सांगा. एरवी काहीशे किलोमीटरनं होणारं काम आता शंभराच्या आत होत असेल तर काजळी कुठून जास्त येतेय ते आधी शोधायचं. पाईपच्या जोडावर काळा डाग, क्लिपपाशी तेलाचा ओलावा, इंजेक्टरच्या करेक्शनचे आकडे (कुठल्या सिलिंडरला कॉम्प्युटर डिझेल कमी-जास्त करतोय ते), सगळं त्याच वेळी बघून घ्यावं.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, दर आठवड्याला बघायची सवय इथे जीव वाचवते, इंजिनाचा. रिजनरेशन वारंवार अर्धवट राहिलं की जादा मारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. ऑइल पातळ झालं की टर्बो आणि बेअरिंग जातात. पातळी खुणेच्या वर गेली असेल तर गाडी चालवत राहू नका, ऑइल बदला आणि मग कारण शोधा. ऑइल भरताना ते डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच हवं. गाडीच्या पुस्तकात दर्जा दिलेला असतो. सुट्या कॅनमधलं स्वस्त ऑइल जळून जी राख होते ती कुठल्याच रिजनरेशननं जात नाही. काजळी जळते, राख साठत राहते. लाख-दीड लाख किलोमीटरनंतर डीपीएफ खोलून भट्टीत तापवून, हवेच्या दाबानं राख काढणारे लोक असतात. नव्या डीपीएफच्या मानानं तो खर्च बराच कमी. प्रेशर वॉशरनं किंवा ॲसिडनं धुवायला मात्र देऊ नका, आतलं सिरॅमिक आणि त्यावरचा लेप खराब होतो.

गॅरेजमध्ये स्कॅनरनं जबरदस्तीचं रिजनरेशन करता येतं. पण आधी कारण काढून मगच, आणि ऑइल बघून. जागा नीट निवडा. सायलेन्सर त्या वेळी भयंकर तापलेला असतो. उसाच्या पाचटावर, वाळक्या गवतावर, कडब्याच्या गंजीजवळ गाडी उभी करून हे करू नये. रस्त्यात आपोआप रिजनरेशन चालू असताना, म्हणजे पंखा जोरात फिरतोय, आयडल जरा वाढलाय, जळका वास येतोय, अशा वेळीही शेताच्या बांधावर गाडी घालू नका.

आता नॉक्स मारण्याचं दुसरं साधन, जे बहुतेक ट्रकांत आणि काही पिकअप-मोटारींत आहे: डीईएफ. गॅरेजात सगळे त्याला युरियाच म्हणतात. ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी, एवढंच त्यात असतं. ते गरम धुरावर फवारलं की त्यातून अमोनिया तयार होतो आणि पुढच्या उत्प्रेरकात नॉक्सचं निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाणी होतं. मोठ्या गाड्यांत डिझेलच्या साधारण ३ ते ६ टक्के डीईएफ लागतं.

आपला भाग उसाचा. घरोघरी युरियाचं पोतं असतं, आणि ते बोअरच्या पाण्यात विरघळवून टाकीत ओतण्याचा मोह होतो. कळकळीनं सांगतो, हे करू नका. शेतीचा युरिया २०१५ पासून सक्तीनं कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊन येतो. तेल, बाययुरेट (युरियातली अशुद्धी) आणि बोअरच्या पाण्यातले क्षार मिळून फवारणीचं तोंड तुंबतं, पंप बसतो आणि उत्प्रेरक कायमचा निकामी होतो. पोत्यात वाचलेले पैसे आणि पंपाची किंमत यांची तुलनाही होत नाही. शिवाय शेतकऱ्यांसाठी सवलतीत दिलेला युरिया दुसरीकडे वापरणं खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे. ज्या भागात हंगामात युरियासाठी सोसायटीपुढे रांगा लागतात, तिथे तर हे मनाला पटणारच नाही.

डीईएफ सीलबंद, तारीख बघून घ्या. उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं तर लवकर खराब होतं. डिझेलचा किंवा खाद्यतेलाचा जुना कॅन त्यासाठी वापरू नका; तेलाचे चार थेंबही पुरे होतात. झाकण उघडताना आजूबाजूची धूळ आधी पुसा. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, टाकी रिकामी करून घ्या. फवारणीच्या तोंडाशी पांढरे खडे साठले असतील तर ते कोमट पाण्यानं विरघळतात, खरवडायची गरज नसते. पी २०ईई हा कोड आला तर नॉक्स पुरेसा मरत नाही एवढंच तो सांगतो. कारण हलक्या प्रतीचं डीईएफ असू शकतं, तुंबलेलं तोंड असू शकतं, नॉक्सचा सेन्सर असू शकतो. सेन्सर महाग आहे, म्हणून तो सगळ्यात शेवटी. डीईएफची शुद्धता मोजायचं हातातलं रिफ्रॅक्टोमीटर चांगल्या वर्कशॉपमध्ये असतं. आधी ते वापरायला सांगा.

मग "काढूनच टाक" या सल्ल्याचं काय? डीपीएफ आतून फोडून पोकळ करणं, ईजीआरला पत्रा मारणं, कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग बदलणं, हे सगळीकडे चालतं हे मला माहीत आहे. दिवा विझतो, गाडी पळते. पण मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पोकळ केलेल्या डीपीएफची काजळी रोज सकाळी त्या दुधाच्या गाडीमागे उभी राहणाऱ्या माणसांच्या आणि शाळेच्या फाटकापाशी जमलेल्या पोरांच्या छातीत जाते. मला हा सल्ला कुठल्याच बाजूनं पटत नाही.

पीयूसीबद्दल थोडक्यात. डिझेल गाडीला रेस देऊन धुराची दाटी मोजतात. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला मर्यादा २.४५ आहे, बीएस-४ ला १.६२, आणि बीएस-६ ला त्याहून बरीच कमी. इंजिन पूर्ण तापलेलं असलं पाहिजे, म्हणून निदान पंधरा मिनिटं गाडी चालवून मग जा. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना पीयूसी एक वर्ष चालतं. ते देशभर ग्राह्य असतं. केए-२२ किंवा केए-२३ ची गाडी कोल्हापुरात तपासली तरी चालते. पीयूसी नसेल तर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

गॅरेजला जाताना एक आग्रह धरा: कोड पुसण्याआधी लिहून घ्यायचे, फोटो काढायचा. कोडसोबत तो आला तेव्हाची इंजिनाची गती, तापमान, वेग हेही साठवलेलं असतं, आणि पुसलं की सगळं जातं. फोनला जोडायचा छोटा स्कॅनर स्वस्तात मिळतो, तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागतो. कोड वाचायला आणि तापमान बघायला तो पुरतो, जबरदस्तीच्या रिजनरेशनला मोठा स्कॅनर लागतो. दिवा सतत लागून असेल तर गाडी चालवत वर्कशॉपपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल किंवा ताकद एकदम गेली असेल तर भार घेऊ नका.

जुनी बीएस-६ डिझेल घ्यायला निघाला असाल, मग ती निपाणीची असो वा दिल्लीहून आलेली, तर एक साधी तपासणी करा. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. चांगल्या डीपीएफच्या गाडीत ते जवळजवळ स्वच्छ निघतं. बोट काळं कुळकुळीत झालं तर डीपीएफ फुटलाय किंवा पोकळ केलाय, आणि मालक "दिवा कधीच लागत नाही" म्हणाला तरी त्याचा उपयोग नाही. चावी फिरवल्यावर सगळे दिवे क्षणभर लागून विझतात की नाही तेही बघा. इंजिनचा दिवा लागतच नसेल तर तो बहुधा कुणीतरी मुद्दाम काढलेला आहे, आणि नव्या डीपीएफची किंमत गाडीच्या भावातून वजा करूनच बोलणी करा.